क्रिकेट ०७, फ्लेक्सचं दुकान आणि आमची साईट

‘क्रिकेट ०७’ हा गेम २००६च्या नोव्हेंबरात बाजारात आला. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या एचबी स्टुडिओज या कंपनीने तो ईए स्पोर्ट्ससाठी बनवला होता. हिवाळाभर बर्फ काढत बसणाऱ्या मुलखातून आपल्याला क्रिकेट यावं, याची गंमत मला आजही वाटते. गेम झकास होता. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस समालोचनाला, साध्या पेंटियम कॉम्प्युटरवरही पळणारा, कव्हर ड्राइव्ह बसला की अंगावर काटा आणणारा. पण भारताची टीम निवडली की तोंड कडू व्हायचं. ईएकडे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे परवाने होते, आपल्या बोर्डाचा नव्हता. त्यामुळे त्या दोघांची ॲशेस मालिका अगदी खरीखुरी, आणि आपल्या खेळाडूंची नावं मात्र अक्षरं इकडची तिकडे करून मोडलेली. सप्टेंबर २००७मध्ये धोनीच्या टीमने जोहान्सबर्गला ट्वेंटी-२० वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा तर हे फारच खुपायला लागलं. रोहित शर्मा टीव्हीवर होता, आमच्या कॉम्प्युटरवर नव्हता.

मी तेव्हा इचलकरंजीत अकरावीला होतो. बाबा एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दिवाणजी. घरात एक असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, तो ‘अभ्यासासाठी’ घेतलेला होता हे वेगळं सांगायला नको. 

हा गेम दुरुस्त करता येतो, हे आम्हाला सायबर कॅफेत कळलं. जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्या फायली उघडायची छोटी छोटी सॉफ्टवेअर्स लिहून फुकट वाटली होती. खेळाडूंची सगळी माहिती एका रोस्टर फायलीत असायची आणि ती ‘माय डॉक्युमेंट्स’मधल्या गेमच्या फोल्डरमध्ये पडलेली असायची. एडिटरमध्ये ती उघडली की नाव, बॅटिंग डावखुरी की उजवी, बोलिंगचा प्रकार, आणि प्रत्येक गुणाला आकडा. नावं मी एका रविवारी बसून बदलली. आकड्यांना हात घातला आणि माझ्या धाकट्या बहिणीने मागून विचारलं, “दादा, जाफरला एवढे कमी कशावरून दिलेस?”

ती आठवीत होती. पेपरातले धावफलक कापून वहीत चिकटवायची तिची जुनी सवय, आणि रणजीचेही. मला रणजीत कोण खेळतं याचा पत्ता नसायचा. तिने खुर्ची ओढून घेतली आणि रोस्टर त्या दिवसापासून तिचं झालं. मी नंतर साईटचा ‘ॲडमिन’ म्हणून मिरवलो, पण लोक परत परत यायचे ते तिच्या आकड्यांसाठी.

तिसरा गडी माझ्या वर्गातला. त्याच्या वडिलांचं फ्लेक्सचं दुकान होतं. त्याचं नाव इथे देत नाही, आम्ही त्याला फ्लेक्सवालाच म्हणायचो. त्या काळात गावोगावी चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागायला लागले होते आणि दहावीपासून हा दुकानात बसून तेच करायचा. भावी नगरसेवकाचा चेहरा पेन टूलने कापायचा, मागे सिंह लावायचा, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पंचवीस पासपोर्ट फोटो बसवायचे. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ यांवर त्याचा हात असा फिरायचा की इंजिनिअरिंग करून आलेल्या लोकांनी बघत राहावं. आमच्या तिघांत खरं कौशल्य हातात असलेला तोच, आणि त्याला आपण काही विशेष करतो असं कधीच वाटलं नाही.

रोस्टर आधी वर्गात सीडीवरून फिरलं. मग दुसऱ्या कॉलेजातून पोरं विचारायला लागली. प्रत्येकाला सीडी जाळून देणं परवडेना, तेव्हा पुण्याच्या मावसभावाने सुचवलं की नेटवर टाका. साईट बनवण्याचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो खरंच सोपा होता. दुसऱ्याच्या पानावर राइट क्लिक करून सोर्स बघायचा, नोटपॅडमध्ये उतरवायचा, टेबलांत टेबलं घालून डावीकडे मेनू आणि मधे बातम्या करायच्या. खाली हिट काउंटर. वर सरकती अक्षरं. ती बहिणीने काढायला लावली, डोळे दुखतात म्हणून. होस्टिंग फुकटचं, त्यामुळे पानाच्या माथ्यावर दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती. साईटचं नाव सांगत नाही, सोळाव्या वर्षी ठेवलेली नावं पस्तिशीत उच्चारायची नसतात.

खरं काम होतं किटचं. किट म्हणजे कपडे, पॅड, हेल्मेट. गेममधला खेळाडू हा एक पुतळा असतो आणि त्याच्यावर चित्र गुंडाळलेलं असतं. शर्टाचं चित्र उघडलं की शिंप्याने शिवणी उसवून टेबलावर अंथरावा तसा शर्ट दिसतो, छाती एकीकडे, पाठ दुसरीकडे, बाह्या कोपऱ्यात. ईएच्या गेममध्ये ही चित्रं एफएसएच नावाच्या फायलींत असतात आणि त्या फायली बिग नावाच्या मोठ्या फायलींत कोंबलेल्या असतात. नीड फॉर स्पीडच्या गाड्यांचे रंगही तसेच. चित्र बाहेर काढायचं, रंगवायचं, आत घालायचं, गेम सुरू करायचा, मॅच लोड होईपर्यंत थांबायचं, रिप्लेमध्ये कॅमेरा फिरवून बघायचं. काखेपाशी पट्टा जुळत नसेल तर गेम बंद, पुन्हा पहिल्यापासून. मापात किंवा प्रकारात फरक पडला तर मॅच लोड होतानाच गेम झोपायचा. अल्फा चॅनेल, म्हणजे चित्रात कुठे आरपार दिसावं हे ठरवणारा थर, बिघडला तर शर्टाला भोकं पडायची आणि आतून स्टेडियम दिसायचं.

दहा बाय वीस फुटांच्या फ्लेक्सला सरावलेल्या पोराला आता काहीशे पिक्सेलच्या चौकोनात काम करायचं होतं. पहिला धक्का रंगाचा बसला. छपाईचं सगळं काम सीएमवायकेत, म्हणजे चार शायांच्या मिश्रणात, आणि स्क्रीनचं आरजीबीत, म्हणजे तीन रंगांच्या उजेडात. त्याने सवयीने सीएमवायकेत केलेला भारताचा निळा रंग गेममध्ये धुवट दिसला, सात उन्हाळे वाळत घातल्यासारखा. चेहऱ्यांचा किस्सा तर आम्ही अजून सांगतो. दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक “जरा उजळ करून द्या” म्हणायचं, त्यामुळे चेहरा हातात आला की याचं बोट आपोआप उजळ करण्याकडे जायचं. पहिल्यांदा बनवलेला सचिन असा गोरापान आणि गुळगुळीत निघाला की बहीण म्हणाली, “ह्याच्या खाली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहायचं राहिलंय.”

आम्ही हे दुकानातच करायचो, रात्री शटर अर्धं खाली ओढून. दुकानाला इन्व्हर्टर होता, घरी नव्हता. २००८ साल म्हणजे भारनियमनाचं ऐन भरातलं वर्ष. कुठल्या भागात लाईट कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि ते आम्हाला कॉलेजच्या वेळापत्रकापेक्षा पाठ असायचं. शिवाय गावात घड्याळाची गरजच नसे. यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबला की समजायचं, त्या भागाच्या फीडरची लाईट गेली. फ्लेक्सवाल्याचे वडील कधी कधी गल्ला मोजता मोजता मागे येऊन उभे राहायचे. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, “काय रं, ह्याचं पैसं कोण देतंय?” “कोन न्हाई, पप्पा.” “मग एवढं बारीक काम कशाला करतोस?” याला उत्तर नव्हतं. पण त्यांनी काही बंद करायला लावलं नाही, फक्त इन्व्हर्टर पुरला पाहिजे अशी अट घातली.

फेब्रुवारी २००८मध्ये आयपीएलचा लिलाव झाला. धोनी पंधरा लाख डॉलरला चेन्नईकडे गेला आणि आम्हाला कळून चुकलं की आता खरी सुट्टीची सोय झाली. आठ संघ, आठ नवे किट, आणि कितीतरी खेळाडू ज्यांची नावं गेममध्येच काय, आमच्याही कानावर आलेली नव्हती. अडचण अशी की या गेममध्ये नवा संघ वाढवता येत नाही. असलेला एखादा काढून त्याच्या जागी बसवावा लागतो. गेममध्ये इंग्लंडच्या अठरा काउंट्या, म्हणजे तिथले प्रांतिक संघ, होत्या, त्यांतल्या आठांवर आम्ही गदा आणायची ठरवलं. मुंबईसाठी यॉर्कशायर घेऊ असं मी म्हटलं तर बहीण उसळली. १९९२ साली सचिन यॉर्कशायरकडून खेळला, त्यांचा परदेशातून आणलेला पहिला खेळाडू तो, तो संघ काढायचा नाही. मग मिडलसेक्सचा बळी गेला. मिडलसेक्सकडून कोण कोण खेळलंय हे तिला सांगायला मी त्या वेळी गेलो नाही.

मार्च-एप्रिलमध्ये संघांचे कपडे जाहीर व्हायला लागले. आमच्याकडे साधन काय, तर पेपरातला पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो आणि टीव्हीवरची जाहिरात. फ्लेक्सवाला जाहिरात लागली की वहीत बाह्यांचे पट्टे काढून ठेवायचा. प्रायोजकांचे लोगो तो कोरलमध्ये नव्याने काढायचा, नेटवरून उचललेला फाटका लोगो त्याला चालायचा नाही. कोलकात्याने सगळ्यांत जास्त छळलं. काळे कपडे आणि सोनेरी हेल्मेट. काळ्या रंगावर गेममधला उजेड पडला की तो राखाडी दिसायचा, आणि सोनेरी रंग तर पिवळा तरी दिसायचा नाहीतर मातकट. हेल्मेटवर उजेडाची रेघ चित्रातच रंगवायची ही युक्ती त्याला सुचली ती एका सराफाच्या फ्लेक्सवरून. सोनं कधी एका रंगाचं नसतं, असं म्हणून त्याने हेल्मेटमध्ये पाच-सहा छटा भरल्या. मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली, बरेच डिझायनर बघितले. इतक्या शांतपणे आपली अडचण सोडवणारा दुसरा बघितला नाही.

तिकडे बहीण आपल्या खेळाडूंमागे. परदेशी मोठ्या नावांची माहिती मिळायची. अडायचं ते आपल्याच मुलांपाशी. राजस्थानने गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर घेतला. तो कसा खेळतो, कुठे उभा राहतो, स्वीप मारतो का? साईटवर तिने एक ओळ टाकली की या खेळाडूंना कुणी प्रत्यक्ष खेळताना पाहिलं असेल तर कळवा. म्हापशाच्या एका मुलाने अस्नोडकरबद्दल पानभर लिहून पाठवलं, अर्धं मराठी, अर्धं कोंकणी, सगळं रोमनमध्ये. तिने ते मोठ्याने वाचून दाखवत दाखवत आकडे भरले. पुढे ग्रॅम स्मिथबरोबर सलामीला येऊन तो धावा काढायला लागला तेव्हा आमच्या घरात तो घरचा मुलगा असल्यासारखं कौतुक चाललेलं.

पॅच, म्हणजे गेममध्ये टाकायच्या बदललेल्या फायलींचा गठ्ठा, तयार झाला, आता नेटवर चढवायचा कसा? पुण्याच्या मावसभावाकडे ब्रॉडबँड होतंच, पण तोवर बाबांनीही बीएसएनएलचं डेटावन घेतलं होतं. त्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जायचा नाही. भारतातल्या एका आख्ख्या पिढीने दोनचा गजर लावून इंटरनेट वापरलं ते या सहा तासांपायी. उतरवण्याचा वेग बरा होता, चढवण्याचा त्याच्या पासंगालाही पुरत नसे. रॅपिडशेअर या फाइली ठेवायच्या साईटवर फुकटात शंभर एमबीच्या वरची फाइल घेत नसत, म्हणून पॅचचे तुकडे करायचे. लाईट जाणार नाही अशी रात्र वेळापत्रकात शोधायची. मध्येच लाइन तुटली की तो तुकडा पहिल्यापासून. आई पाचला उठायची, मला कॉम्प्युटरसमोर बघायची आणि चहा टाकायची. तिला वाटायचं वार्षिक परीक्षेचा अभ्यास. बाबांना सगळं माहीत होतं. ते एवढंच म्हणायचे, “पेपर झाल्यावर हा उद्योग केला असतास तर मॅकलम थांबला नसता का?”

तो थांबला नाही. १८ एप्रिलला बंगळुरात आयपीएलच्या पहिल्याच मॅचला त्याने कोलकात्याकडून नाबाद १५८ काढले. आमचा पॅच दोन दिवस आधी वर गेला होता. दुसऱ्या दिवशी मेलबॉक्स उघडला तर ओळीने एकच मागणी, मॅकलमचे आकडे वाढवा. बहीण म्हणाली, “एका मॅचवरून? न्हाई.” तिचा नियम ठरलेला, रोस्टर फक्त रविवारी बदलणार आणि किमान तीन मॅच बघितल्याशिवाय कुणाला हात लावणार नाही. लोक चिडायचे. शॉन मार्शसाठी तर आम्हाला शिव्या बसल्या. पंजाबचा हा पोरगा तेव्हा कुणालाच माहीत नव्हता, तिने त्याला बेताचे आकडे दिले होते, आणि तो सुटला होता. शेवटी स्पर्धेत सगळ्यांत जास्त धावा त्याच्याच, ६१६. तीन मॅचनंतर तिने त्याला वर नेलं, पण एका दमात नाही. राजस्थानच्या सोहेल तन्वीरचे आकडे मात्र तिने पटापट चढवले. त्याची चुकीच्या पायावरची बोलिंग गेममध्ये आणायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, ती काही जमली नाही. गेममधला तन्वीर शेवटपर्यंत सरळ पावलांनीच धावत आला.

साईट बनवणं आणि साईट चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याची नशा असते, दुसऱ्याला कारकुनी लागते. मला हे पोस्टखात्यातल्या माणसाने सांगितलं असतं तरी पटलं नसतं. रोज मेल यायचे, आणि त्यांचे प्रकार ठरलेले. पहिला, ‘भाई, नॉट वर्किंग’. काय चालत नाही, कुठे अडलं, काही नाही. दुसरा, ‘फुल गेम का लिंक दो’. गेमची कॉपी किंवा क्रॅक द्यायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं आणि पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहिलंही होतं. तत्त्व वगैरे नंतर, आधी बाबांच्या नावावर फोन होता ही भीती. तिसरा प्रकार, लिंक मेली. फुकटच्या जागेवर बरेच दिवस कुणी फाइल उतरवली नाही की ती पुसली जायची, मग पुन्हा रात्रीचा गजर. आणि चौथा प्रकार खास त्या वर्षाचा. उतरवण्याआधी माणूस आहात हे सिद्ध करायला रॅपिडशेअर अक्षरांच्या घोळक्यातून फक्त मांजर असलेली अक्षरं ओळखायला लावायचं. मांजर आणि कुत्रा यांतला फरक त्या चित्रांत ब्रह्मदेवालाही कळला नसता. बांगलादेशातून एकाने लिहिलं की मी तासभर मांजरं शोधतोय, मला मुंबईचा किट नको, मांजराचा नंबर सांग.

‘नॉट वर्किंग’ला उतारा म्हणून मी रीडमी, म्हणजे पॅच कसा चढवायचा याच्या सूचनांची, फाइल लिहायला लागलो. पहिल्यांदा ती चार ओळींची होती. मग कळलं की कुणाचा गेम सी ड्राइव्हमध्ये असतो, कुणाचा डीमध्ये. कुणी झिप न उघडता आख्खीच फोल्डरमध्ये टाकतं. कुणी पहिल्या तुकड्याआधी तिसरा उघडतं. कुणी जुन्या फायलींची प्रत न ठेवता वरून नवी चिकटवतं आणि गेम बिघडला की आमच्या नावाने बोटं मोडतं. प्रत्येक तक्रारीमागे रीडमीत एक ओळ वाढायची. ‘आधी बॅकअप घ्या’ ही ओळ मी मोठ्या अक्षरांत, मग वरती, मग वरती आणि खालती, अशी लिहित गेलो. तरी कुणी वाचत नव्हतं. शेवटी फ्लेक्सवाल्याने सगळ्या पायऱ्यांची चित्रंच काढून दिली, बाण आणि लाल गोल करून, अगदी मतदान कसं करावं याचं पत्रक असतं तसं. ‘नॉट वर्किंग’ निम्म्याने कमी झाले. लिहिता येतं म्हणून लिहीत बसणाऱ्याला हा टोला बरोबर लागला.

मग चोरीचं प्रकरण. एका दुसऱ्या साईटवर आमचे आठही किट जसेच्या तसे आले, वर त्यांचं नाव. मी पेटलो. मोठमोठे मेल लिहिले, पुरावे म्हणून स्क्रीनशॉट जोडले. बहिणीला राग आला तो वेगळ्या कारणाने, त्यांनी तिचं जुनं रोस्टर उचललं होतं आणि त्यात मार्शचे आकडे शिळे होते. फ्लेक्सवाला मात्र थंड. “भावा, आमच्या धंद्यात आज लावलेलं डिझाइन उद्या समोरच्या दुकानात असतंय. तू नवीन करायचं.” मी म्हटलं, किटवर आपलं नाव मोठं छाप. त्याने ते साफ नाकारलं. खेळाडूच्या छातीवर आमचं नाव दिसलं तर तो किट खोटा दिसेल, मग एवढी मेहनत कशासाठी? यावर आमचं बरंच वाजलं. मला वाटतं तोच बरोबर होता, पण त्या वेळी मी दोन दिवस दुकानात गेलो नाही.

पैसे मिळवायचाही विचार डोक्यात आला. गुगलच्या जाहिराती लावायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, आमच्यातलं कुणीच बसत नव्हतं. स्वतःचं डोमेन घ्यायला क्रेडिट कार्ड हवं, ते आमच्या ओळखीत एका मावसभावाच्या साहेबाकडे होतं. विषय तिथेच मिटला.

२००९ साल अवघड गेलं. मी बारावीला होतो आणि मेमध्ये सीईटी. नेमकी त्याच महिन्यांत आयपीएल, तीही निवडणुकांमुळे उचलून दक्षिण आफ्रिकेत नेलेली. बाबांनी माझा पासवर्ड बदलून घेतला आणि बहिणीला दिला. त्या हंगामाची साईट तिने आणि फ्लेक्सवाल्याने चालवली, मी जेवताना ऐकायचो. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी खेळाडू त्या वर्षी आले नाहीत. रोस्टरमधून तन्वीर, आफ्रिदी, शोएब अख्तर, उमर गुल सगळे काढायचे होते. तिने काढले. आठवड्याभरात कराचीहून एका मुलाचा मेल आला. तो पहिल्या वर्षापासून आमचे पॅच वापरायचा, त्याच्या पत्रात भांडण नव्हतं. तन्वीर राजस्थानमध्ये ठेवलेलं जुनं रोस्टर नव्या किटबरोबर चालेल का, एवढंच विचारलं होतं. ते चालत नव्हतं.

घरात यावर चर्चा झाली. आई म्हणाली, नको ते कशाला ओढवून घेता. वातावरण तसंच होतं, आणि आमच्याकडेही त्या आधीच्या आठवड्यांत कडवट मेल आले होते, दोन्हीकडून. बहिणीने दुसरं एक रोस्टर केलं. पहिलं खऱ्या संघांचं, आणि त्याच्या खाली एक ‘सगळे असते तर’ या नावाचं, ज्यात कुणालाच वगळलेलं नव्हतं. तिने ते साईटवर टाकलं आणि त्याखाली काहीही स्पष्टीकरण लिहिलं नाही. ते दुसरं जास्त उतरवलं गेलं. इचलकरंजीतली आमच्या वर्गातली पोरंही तेच लावून खेळायची, कारण त्यात मजा जास्त होती. त्याच हंगामात कोलकात्याने बांगलादेशचा मश्रफी मोर्तझा सहा लाख डॉलरला घेतला आणि एकच मॅच खेळवला. ढाक्याहून येणारे मेल मात्र वर्षभर चालू होते. त्यांच्या मते तिने त्याला दिलेले आकडे हा राष्ट्रीय अपमान होता. ती हटली नाही. एका मॅचवरून ती वाढवत नव्हती तशी कमीही करत नव्हती, हे तिने प्रत्येकाला वेगवेगळं लिहून कळवलं.

मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेलो. तिथे आठवड्याला एखादा मेल बघून व्हायचा. बहिणीची दहावी आली. फ्लेक्सवाल्याच्या वडिलांना बरं नव्हतं, दुकान त्याच्यावर आलं. रात्री शटर ओढल्यावर आता तो छपाईच करायचा. साईट बंद करायचं कुणी ठरवलं नाही. २०११मध्ये पुणे आणि कोची असे दोन संघ वाढले तेव्हा पुण्याचा किट आपण केलाच पाहिजे असं ठरलं, कारण मुंबईपलीकडचा आपला म्हणावा असा तो पहिला संघ. दिवाळीत कपडे शिवावेत तसे आम्ही मागे लागून लागून तो पुरा केला आणि आणखी दोन काउंट्या खर्ची पडल्या. यॉर्कशायर शाबूत राहिली. तो आमचा शेवटचा पॅच. पुढे नागपूरच्या एका अकरावीतल्या मुलाने साईट मागितली, त्याला सगळं देऊन टाकलं. फोल्डर, रीडमी, मांजरांबद्दलची तयार उत्तरंसुद्धा. त्याने वर्षभर चालवली, मग त्याचीही बारावी आली.

ईएने त्यानंतर पीसीसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही. त्यामुळे ‘क्रिकेट ०७’ मेला नाही. नवी पोरं अजून त्याला दर हंगामाचे संघ चढवतात. आता दहा संघ झालेत, आणि मोठ्या कंपनीत बनावं तसं चकचकीत काम असतं त्यांचं. मध्यंतरी मी असला एक पॅच उतरवून कोलकात्याचा स्क्रीनशॉट फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचं आता मोठं डिजिटल प्रिंटिंग युनिट आहे, तीन मशिनं, सहा माणसं. मला वाटलं, बघून ‘भारी’ म्हणेल. अर्ध्या तासाने फोनच आला. मागे मशीनचा आवाज.

“चित्र बघितलं,” तो म्हणाला. “पोरगं हुशार हाय. पण सोनेरीत छटा किती हायत मोज. दोनच. त्याला सांग, सराफाच्या दुकानात जाऊन ये.”